दोन ठसके

ओली मिरची कानाशी हलवली तर गप्प राहते. वाळलेली हलवली की आतलं बी वाजतं.

*

नंदुरबार जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. नागरिकांनी काळजी घ्यावी.

*

"खोकला कधीपासून आहे?"

*

खळ्यावर धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. मध्ये कोणी बोलत नाही.

*

लेकीने, सोनमने सुरतेहून घारी पाठवली. गोड आहे, तुपकट आहे. एवढंच.

*

एक ठसका म्हणजे काही नाही, मिरचीत कोणालाही लागतो. लागोपाठ दोन म्हणजे उघडा.

*

गुरुवार

डोळे: दक्षिणेकडून ढग. दुपारनंतर सूर्य पांढरा.
हात: साल चामड्यासारखी. आत ओल.
कान: दहातल्या तीन वाजतात.
नाक:

हेमकांतने एवढं लिहिलं आणि चौथ्या ओळीशी पेन थांबवलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर तो हे लिहायचा. हंगाम सुरू झाल्यापासून रोज. घाबरलेला माणूस चुकीचं ठरवतो, म्हणून आधी जे दिसतं ते लिहायचं आणि मग ठरवायचं, अशी सवय त्याने या वर्षी स्वतःला लावून घेतली होती. चौथ्या ओळीचा शब्द तो रोज लिहायचा, आणि पुढची जागा रोज तशीच सोडायचा.

नंदुरबारच्या बाहेर त्याची पथारी होती. पथारी म्हणजे चोपून सपाट केलेलं मोकळं रान. बाजारातून ओली लाल मिरची आणायची, इथं पसरायची, दहा-बारा दिवस उन्हात पलटायची, निवडायची आणि वाळलेली विकायची. पंचवीस वर्षं तो हेच करत होता. आज पथारी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. आठ दिवसांचं ऊन खाल्लेली मिरची, म्हणजे ना ओली ना कोरडी. हंगामातला पहिला मोठा माल. हा वाया गेला तर पथारी बंद करून सुरतेला लेकीकडे जायचं, हे त्याने कोणाला न सांगता ठरवून ठेवलं होतं.

नवापूरचा दलाल नवनीत मोटरसायकल बंद न करताच बोलू लागला.

"हेमकांतभाई, आज देऊन टाका. आहे तशी उचलतो. आमच्या मालकाची भट्टी आहे बॉर्डरपलीकडे, तिथं वाळवून घेऊ. पाऊस आला तर मग मी पण नाही येणार, हां."

"भाव?"

नवनीतने भाव सांगितला.

"हाऊ भाव मिरचीना शे का देठसना?"

नवनीत हसला. मग गाडी बंद केली. "भाभी असत्या तर चहा पाजून नाही म्हटलं असतं. तुम्ही बिनचहाचंच म्हणताय."

 नवनीतला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. तो थोडा वेळ आकाशाकडे बघत राहिला, "सोमवारी फोन करतो" म्हणाला आणि गेला.

पथारीवर चाळीस बाया होत्या, सातपुड्यातून उतरलेल्या. धडगावकडच्या रमिलाबाईने त्यांना आणलं होतं. बारा वर्षं तीच आणायची. ती पदराला हात पुसत आली.

"शेठ, आभाय भराई ऱ्हायनं. झाकानं का उघडं ठेवानं?"

उघडं ठेवलं आणि पाऊस आला, तर मिरची पांढरी पडणार. ढीग करून झाकलं आणि पाऊस नाही आला, तर आतली ओल वाफ धरणार, मिरची काळी पडणार. दरवर्षी अशी एक-दोन वेळ यायची. दरवर्षी तो एका मिनिटात सांगायचा.

"झाका," तो म्हणाला. "सात ढीग करा. ताडपत्री वाऱ्यानी बाजूले पक्की दाबा."

संध्याकाळच्या आत सात ढीग झाले. ताडपत्र्या बसल्या, कडेला दगड बसले. हेमकांतने चपला काढल्या, प्रत्येक ढिगाला उजवीकडून फेरी घातली आणि हात जोडले. बाया गप्प उभ्या राहिल्या.

हा नियम त्याचा होता. कोरीटला, गावाकडे, वडिलांच्या खळ्यावर राशीजवळ कोणी बोलायचं नाही. रास मोठी आहे म्हणायचं नाही, लहान आहे म्हणायचं नाही, किडकी आहे तर मुळीच म्हणायचं नाही. बोललेलं राशीला लागतं. मिरचीच्या धंद्यात हे कोणी पाळत नव्हतं. हेमकांत पाळायचा. झाकलेला ढीग म्हणजे रास. त्याच्याजवळ चपला नाहीत, शब्द नाही. पहिल्याच वर्षी त्याने रमिलाबाईला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "आमना डोंगरमा बी तसंच शे." नंतर पुन्हा सांगावं लागलं नाही.

आधी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आणि बायको चेतना, दोघंही आजारी पडले. घरातच पडले, घरातच उठले. अठराव्या दिवशी चेतनाने लसणाची फोडणी दिली आणि हेमकांत शेजारी उभा राहून म्हणाला, "तेल तपनं नही का आजून?" तेल जळून काळं झालं होतं.

चार दिवसांत वास परत येईल म्हणाले. मग महिन्यात. मग कोणी काही म्हणालं नाही.

मिरची मात्र त्याला लागायची. पथारीवर गेला की डोळ्यांना पाणी यायचं, शिंक यायची, घशात आग व्हायची. फक्त वास यायचा नाही. म्हणून कोणाला कळलं नाही. मिरचीत शिंकणाऱ्या माणसाला वास येत नसेल, असं कोणाच्या मनात येणार?

पण झाकलेला ढीग बिघडायला लागतो तेव्हा पहिली खबर वास देतो. आंबूस, ओल्या गोणपाटासारखा. त्यानंतर सहा-सात तासांनी हाताला गरम लागतं, आणि हाताला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्या व्यापाऱ्याला वास येत नाही त्याचा माल बाजारात कोण घेणार? बोली लावताना त्याच्याकडे बघून बाकीचे हसतील.

"मी शे ना," चेतना म्हणाली. "मी येत जासू पथारीवर. वास उना की खोकसू. दोन डाव."

"लोकेस्ले काय वाटई?"

"मिरचीमा खोकला येस नही का लोकेस्ले?"

त्या हंगामापासून ती रोज डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत थांबायची. ढिगांमधून फिरायची. वाटेत कुठेतरी खोकायची. ठसका, ठसका. हेमकांत कोणाशी बोलत असला तर बोलणं न तोडता हात वर करायचा, "तो तिसरा उघडा रे," आणि बाया ताडपत्री ओढायच्या. बाजारात म्हणायला लागले, हेमकांत पाटलाचं नाक म्हणजे यंत्र आहे. पंचवीस पावलांवरून ढीग ओळखतो.

रात्री जेवताना चेतना विचारायची, "काय मंग, यंत्र?"

शुक्रवार

डोळे: आभाळ भरलेलं, पाऊस नाही.
हात: ढीग कोमट. कालचं ऊन असेल.
कान: झाकलेल्याला कान नाही.
नाक:

सोनमचा फोन आला.

"पप्पा, या ॲपवर तीन वाजता पाऊस दाखवतंय. दुसऱ्यावर उद्या."

"तिसरं शे का?"

"आहे. त्याच्यावर ऊन आहे."

"मंग त्या तिसराले सांग, पथारीवर ई बठ."

ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही जेवलात का?" आई गेल्यापासून ती प्रत्येक फोनच्या शेवटी हे विचारायची, आणि तो प्रत्येक वेळी हो म्हणायचा.

दुपारी एकला त्याने पहिल्या ढिगाची ताडपत्री कडेला उचलली आणि डोकं आत घातलं. नाकात झणका गेला. डोळ्यांतून पाणी आलं. त्याने श्वास रोखला, सोडला, पुन्हा ओढला. एका नाकपुडीने, मग दुसरीने. आत लाल अंधार होता आणि ऊब होती. वासाच्या जागी काही नव्हतं. पांढऱ्या भिंतीकडे बघत असल्यासारखं.

डोकं बाहेर काढलं तर दहा पावलांवर रमिलाबाई उभी होती. नाकाला पदर लावलेला. पण मिरचीत सगळ्याच बाया नाकाला पदर लावतात. तो तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. ती ढिगाकडे बघत होती, मग त्याच्याकडे. त्याने मान हलवली, ठीक आहे अशी. तिने पण हलवली.

उघडावं का? उघडून पुन्हा झाकायला दोन तास. तीनचा पाऊस त्या दोन तासांतच आला तर? कोमट म्हणजे किती कोमट? त्याने उजवा हात घातला, डावा घातला. उजवा कोमट म्हणाला. डाव्याला काही कळलं नाही.

तो ढिगांच्या मधोमध खुर्ची टाकून बसला आणि वाट बघू लागला. पावसाची नव्हे. हे त्याला नंतर उमगलं.

पावणेचारला मागून दोन ठसके आले. लागोपाठ.

तो उठला, हात वर केला, तोंड उघडलं. मागे वळून पाहिलं. रविना नावाची एक पोरगी पाणी पिताना ठसकली होती आणि तिची मैत्रीण तिची पाठ चोळत हसत होती.

तो खाली बसला. हात मात्र वर राहिला होता, तो नंतर आला.

शनिवार

डोळे: आभाळ तेच.
हात: कोमटच. कालच्यापेक्षा जास्त? माहीत नाही.
कान:
नाक:

सकाळी रमिलाबाई चपला काढून चौथ्या ढिगापाशी आली. हेमकांत तिथेच उभा होता, ताडपत्रीच्या कडेला वाकून.

"शेठ…"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

ती थांबली.  मग पाठ न वळवता, राशीपासून जसं मागे सरतात तशी, मागे सरत गेली.

शेजारच्या पथारीवाल्याने झाकलंच नव्हतं. त्याच्या बाया मिरची पलटत होत्या आणि कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं चाललं होतं. हेमकांतने मनाशी म्हटलं, पाऊस आला की याला कळेल. चुकलो असं वाटलं की माणूस हलतो, आणि हललं की खरंच चुकतं. ठरवलं ते ठरवलं. सोमवारपर्यंत हात लावायचा नाही. नवनीतचा फोन आला तर उचलायचा नाही. शेजारी बघायचं नाही. स्थिर राहायचं.

तो दिवसभर स्थिर राहिला.

रविवार

सकाळी नऊला ऊन पडलं. लग्नपत्रिका त्याने खिशातून काढलीच नाही.

पहिली ताडपत्री ओढली तेव्हा धूर निघाला असं त्याला वाटलं. धूर नव्हता, वाफ होती. वरचा थर लाल होता. फावडं घातलं, खालून काळी मिरची आली, ओली, एकमेकींना चिकटलेली, मध्ये मध्ये कापूस पिंजून टाकावा तशी पांढरी बुरशी. बाया दोन पावलं मागे गेल्या. रविना बाजूला जाऊन ओकली.

दुसरा तसाच. तिसरा तसाच. सातवा जरा बरा होता.

हेमकांत फावडं टेकून उभा होता. रमिलाबाई जवळ आली. ढीग आता रास राहिला नव्हता, त्यामुळे ती बोलली.

"वास तं शुक्रवारथीन येत व्हता, शेठ."

"मंग बोलनात कसाले नही?"

त्याचा आवाज चढला होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हीनच सांगेल, रासजोगे बोलानं नही. काल मी उनू, तुम्ही बोट ठेवं. आनि तुम्ही तं तठेच उभा व्हतात, तोंड ढीगमा घालीसन. सगळास्ना आगोदर तुम्हलेच वास येस. मी म्हटलं, शेठनं कायतरी ठरायेल व्हई. आमी कोन सांगणाऱ्या?"

काळ्या मिरचीवर माशा बसायला लागल्या होत्या.

"माले वास येस नही, रमिलाबाई."

"आज?"

"साडेतीन वरीस व्हई ग्यात."

तिला आधी हसू आलं. मग ते गेलं. ती बराच वेळ काहीतरी जुळवत राहिली, बोटांवर मोजतात तसा अंगठा बोटांवरून फिरत होता.

"मंग तो तिसरा उघडा, तो पाचवा उघडा…"

"चेतना खोके. दोन डाव. ती खोकनी की मी सांगू."

"बाईना खोकला…" रमिलाबाई खाली बसली, मातीवर. "बाईना खोकला खोटा व्हता?"

हेमकांतने मान हलवली. हो अशी. मग नाही अशी.

"मी तुम्हले सांगेल व्हतं, शेठ. मागला वरीस, दोन डाव. बाई भलती खोकस, चिंचपाडाले दखाडी लया. तुम्ही हासनात."

"हा. हासनू."

आधी

मागच्या हंगामात चेतना जास्त खोकायला लागली. दोनदाच्या ऐवजी चारदा, पाचदा. हेमकांत ढीग उघडायला लावायचा, आत मिरची चांगली निघायची. बायांची फुकटची मेहनत. एका संध्याकाळी घरी आल्यावर तो तिच्यावर चिडला.

"दोनच डाव खोकत जाय ना. माले कसं समजई, कोनता खरा?"

"बरं," ती म्हणाली. आणि तोंडावर पदर दाबून आत गेली.

त्यानंतर ती पथारीवर दोनदाच खोकायची. बाकीचं कुठे खोकायची ते त्याने विचारलं नाही. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे जायची, एवढं त्याला दिसायचं. बायकांना जावं लागतं, असं त्याला वाटायचं.

लोकांना तिचा खोकला खरा वाटत होता. तो खोटा आहे हे जगात एकट्या हेमकांतला माहीत होतं. म्हणून खोकला खरा झाला तेव्हा जगात एकटा तोच फसला.

आषाढात ती जिना चढताना मध्येच बसली. चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होते, केरळकडचे असावेत, मराठी सावकाश बोलायचे. छातीचा फोटो काढला, काचेवर लावला. फुफ्फुसं आखडत आली आहेत म्हणाले. बरेच दिवस चाललेलं दिसतं.

"खोकला कधीपासून आहे?"

चेतनाने हेमकांतकडे पाहिलं. हेमकांतने चेतनाकडे.

"तीन वर्षं," ती म्हणाली.

"नही," हेमकांत म्हणाला. "तीन वर्षं नाही, साहेब. तो वेगळा होता."

"वेगळा म्हणजे?"

 डॉक्टर पेन धरून वाट बघत होते. चेतनाला हसू फुटलं, आणि हसता हसता ठसका लागला. एक. दोन. मग पुढचे.

श्रावणात ती गेली.

रविवार, दुपार

नवनीत सोमवारची वाट न बघता आला. कोणीतरी फोन केला असणार. त्याने सगळे ढीग पाहिले, नाकाला रुमाल लावून. भावाचं काही बोलला नाही. सातव्या ढिगातली वरची मिरची मूठभर घेऊन कानाशी हलवली, खाली टाकली.

"हा एक उचलतो," तो म्हणाला. "बाकीचं पुरून टाका, हेमकांतभाई. वाऱ्यावर ठेवू नका."

मग तो स्वतःच गेला, शेजारच्या पथारीवरच्या चुलीवरून चहा आणला आणि एक कप हेमकांतच्या हातात दिला.

बाया खड्डा खणत होत्या. बहुतेक जणी उद्या परत जाणार होत्या. कामच नव्हतं. रमिलाबाई म्हणाली, दहा जणी राहतील, पुढचा माल थोडा घ्या, एका कोपऱ्यात पसरा. तिने हे विचारलं नाही, सांगितलं. हेमकांतच्या मनात सुरत होती. त्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. गरम आहे, गोड आहे.

"थोडा म्हंजे किती?" तो म्हणाला.

"तुमना हात पुरई तितला."

ती निघाली आणि पुन्हा वळली.

"शेठ. आते झाकानी येळ उनी तं… मी खोकत जाऊ का? दोन डाव?"

"नको." तो इतक्या जोरात म्हणाला, की खड्ड्यातल्या बायांनी वर पाहिलं. "खोकानं नही. आठे कोनीच खोकानं नही. बोलानं. वास उना तं रासजोगे उभं ऱ्हाईसन बोलानं, मोठ्यानी, माले शिव्या दी दी बोलानं."

"राशीले लागई ना."

"लागू दे."

रमिलाबाईने चपला पायांत सरकवल्या. मग ढिगांच्या मधून, सरळ चालत गेली.

हेमकांतने खिशातून लग्नपत्रिका काढली. डोळे, हात, कान लिहिलं नाही. चौथी ओळ तेवढी लिहिली. नाक. त्याच्यापुढे लिहिलं, रमिलाबाई. मग बराच वेळ त्या नावाच्या आधी जी जागा राहिली होती तिच्याकडे बघत बसला.

चेतना पहिल्यांदा दोनपेक्षा जास्त वेळा खोकली तो दिवस मागच्या पौषातला सोमवार होता, आणि त्या दिवशी वास यायला पथारीवर एकही ढीग झाकलेला नव्हता.